पणजोबांचं लग्न कुठल्या दप्तरात? गोव्यातल्या जुन्या विवाह-नोंदी समजून घेताना

पोर्तुगालच्या नागरिकत्वाचे नियम बदलणार अशी बातमी आली की गोव्यात घरोघरी आजी-आजोबांचा विषय निघतो. आजोबा कुठल्या सालचे, आजी कुठल्या गावची, त्यांचं लग्न इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, झालं की त्याआधी सरकारी वहीत सही झाली होती? मग घरातलं कुणीतरी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत अर्ज करतं आणि 'नोंद सापडत नाही' एवढं उत्तर घेऊन परत येतं. तिकडे दिल्लीत समान नागरी कायद्याची चर्चा सुरू झाली की 'गोव्यात तर तो आहेच' हे वाक्य हमखास ऐकू येतं. दोन्ही बातम्या फिरून फिरून एकाच वहीपाशी येतात. ती म्हणजे लग्नाची नोंदवही.

ही वही कुठे असते, तिच्यात काय लिहितात, ख्रिस्ती, हिंदू आणि बंदरावर पोटासाठी आलेले लोक यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी का सापडतात, हे या लेखात सांगायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. गोव्यातली लग्नाची सरकारी नोंद ही मुळात मालमत्तेची नोंद आहे. हे एकदा लक्षात आलं की वही नसेल तिथे काय शोधायचं तेही उमगतं.

जन्माची सोडून लग्नाचीच नोंद का?

जन्माची नोंद एका माणसाची असते, मृत्यूचीही एकाचीच. लग्नाची नोंद मडगाव जंक्शनसारखी आहे. दोन वेगळ्या दिशांनी आलेले रूळ तिथे मिळतात, आणि तिथून कुठल्याही दिशेला मागे जाता येतं. वर आणि वधू, दोघांचे मिळून चार आईबाप, त्यांची गावं, वय, धंदा, आधी लग्न झालं होतं का, साक्षीदार कोण, एवढा ऐवज एका पानावर मिळतो. साक्षीदार बहुतेकदा मामा, काका किंवा शेजारी असतात. वंशावळ जोडणाऱ्याला आईकडचं घराणं बहुधा इथेच पहिल्यांदा भेटतं.

पोर्तुगीज पद्धतीच्या वहीत समासाला फार महत्त्व आहे. घटस्फोट झाला, न्यायालयाने लग्न रद्द केलं किंवा नावात दुरुस्ती झाली, तर मूळ नोंद खोडत नाहीत. बाजूच्या मोकळ्या जागेत नवी टीप लिहितात. म्हणून अर्ज करताना नुसता दाखला मागू नका, 'तेओर' मागा. तेओर म्हणजे वहीतला मजकूर समासातल्या टिपांसह जसाच्या तसा उतरवलेली प्रमाणित नक्कल. छापील नमुन्यातल्या छोट्या दाखल्यात नावं आणि तारीख येते, पण ज्यासाठी आपण आलेलो असतो तेच नेमकं गळतं.

आता मालमत्तेकडे येऊ. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८६९ च्या हुकुमाने गोव्यासह सगळ्या वसाहतींना लागू करण्यात आली. तिच्यातला ढोबळ नियम असा, की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको सामाईक मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक. मृत्युपत्र करूनही माणसाला आपल्या वाट्याची सगळी संपत्ती वाटेल त्याला देता येत नाही, निम्मी वारसांसाठी राखीव राहते. ती मुलग्यांइतकीच मुलींचीही. साहजिकच जमीन विकायची तर बायकोची सही लागते. वाटणी करायची तर सगळी मुलं, त्यांच्या बायका, मुलींचे नवरे यांची यादी लागते. कोण कुणाशी लग्न करून आलं हे सरकारला ठाऊक असल्याशिवाय एकही खरेदीखत पक्कं होत नाही. गोव्याच्या जुन्या कागदांत बायकांची नावं इतकी ठळक सापडतात, त्यामागे हे कारण आहे. शेजारच्या सिंधुदुर्गातल्या सातबारावर ती शोधून बघा, म्हणजे फरक कळेल.

इगर्जीतली वही

ख्रिस्ती घराण्यांचा माग सरकारी वहीच्याही कितीतरी मागे जातो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ठरवलं, की लग्न फिर्गजीच्या पाद्रीसमोर आणि किमान दोन साक्षीदारांसमोर झालं तरच ते ग्राह्य, आणि पाद्रीने त्याची वहीत नोंद ठेवायची. फिर्गज म्हणजे एका इगर्जीच्या अखत्यारीतला मुलूख. गोवा तेव्हा आर्चबिशपचं ठाणं होतं, त्यामुळे हा नियम इथे लवकर आला.

त्याआधीची लग्नं या वह्यांत नसणार हे उघड आहे. आल्फोन्सो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आपल्या शिपायांना इथल्या बायकांशी लग्न करायला उत्तेजन दिलं. असं लग्न करून स्थायिक झालेल्यांना 'काझादु' म्हणत. आपलं घराणं थेट त्या काझादुंपासून चालत आलंय असं सांगणारे पुष्कळ भेटतात. असेलही, पण विवाहवहीच्या आधाराने ते दाखवता येणार नाही.

इगर्जीतल्या नोंदीत वंशावळीच्या दृष्टीने दोन गोष्टी सोन्याच्या आहेत. पहिली म्हणजे पुकार. लग्नाआधी लागोपाठ तीन सणवारी किंवा रविवारी मिसाच्या, म्हणजे इगर्जीतल्या सामूहिक प्रार्थनेच्या, वेळी वधू-वरांची नावं पुकारायची, कुणाची हरकत असेल तर त्याने सांगायची. वर एका फिर्गजीचा आणि वधू दुसरीची असेल तर पुकार दोन्हीकडे होतो. म्हणजे एका ठिकाणची वही वाळवीने खाल्ली असली तरी दुसरीकडे माग राहिलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सूट. जवळच्या नात्यात लग्न करायला धर्मसत्तेची परवानगी लागते, आणि ती घेतली असेल तर नातं कितव्या पायरीचं ते नोंदीत येतं. दोन कुटुंबांचा पूर्वज एकच होता ही गोष्ट आपल्याला दुसऱ्या कुठल्या कागदाने कळली नसती, ती या एका ओळीने कळते. छोट्या गावांत, एकाच जातीत सोयरीक जुळवायची तर अशी नाती निघायचीच. हो, जात! धर्म बदलला तरी ब्राह्मण, चार्दो (क्षत्रिय), शूद्र हे भेद टिकले, आणि जुन्या वह्यांत त्यांचा उल्लेखही सापडतो. वाचताना अंगावर येतं, पण अभ्यासकाने तो भाग झाकून ठेवू नये.

आडनावाच्या भरवशावर मात्र राहू नका. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळायचं. एकाच वाड्यावरच्या चार फर्नांडिस कुटुंबांचा रक्ताचा काही संबंध नसतो, आणि सख्खे भाऊ दोन आडनावांनी वावरलेले दिसतात. म्हणून शोध आडनावाने सुरू करण्याऐवजी गाव आणि वाड्यापासून करावा.

१९१० नंतर सरकार मांडवात येतं

ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आलं. नव्या राज्यकर्त्यांचं चर्चशी अजिबात पटत नव्हतं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्यांनी कायदा केला, की विवाह हा दिवाणी करार आहे. नाताळचा मुहूर्त योगायोगाने निवडला असेल असं मला वाटत नाही. पुढच्या वर्षी तो गोव्यातही आला आणि त्या दशकात नोंदणीची सरकारी यंत्रणा उभी राहिली. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांची लग्नं एकाच प्रकारच्या वहीत येऊ लागली ती तेव्हापासून. आज ज्याला 'गोव्याचा समान कायदा' म्हणतात त्याचा विवाहापुरता पाया हा आहे.

पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने चर्चशी समेट केला. व्हॅटिकनबरोबर १९४० मध्ये करार झाला आणि त्याला धरून १९४६ च्या हुकुमाने (क्रमांक ३५४६१) वसाहतींत इगर्जीतल्या लग्नाला सरकारी मान्यता मिळाली. मात्र त्याची प्रत सरकारी वहीत उतरवणं आलंच.

या मधल्या पस्तीस वर्षांत बरेच शोधणारे गोंधळतात. १९२५ सालचं ख्रिस्ती लग्न असेल तर सरकारी नोंद एका तारखेची आणि इगर्जीतली दुसऱ्या तारखेची मिळू शकते. दोन लग्नं झाली असं नव्हे. एकाच जोडप्याची दोन दप्तरं आहेत, आणि दोन्ही काढावीत, कारण एकीत आजीच्या आईचं नाव पूर्ण असतं तर दुसरीत नुसतं 'मारिया'.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण जुने कौटुंबिक कायदे १९६२ च्या प्रशासन कायद्याने चालू ठेवले. १९५५ चा हिंदू विवाह कायदा गोव्यात आणलाच नाही. जन्म-मृत्यूची नोंद पुढे १९६९ च्या केंद्रीय कायद्याखाली पंचायती आणि पालिकांकडे गेली, लग्नाची तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडेच राहिली. एकाच माणसाचा जन्म एका कचेरीत आणि लग्न दुसऱ्या कचेरीत शोधावं लागतं ते यामुळे.

आजही गोव्यातली जोडपी 'पहिली सही' आणि 'दुसरी सही' असं बोलतात. पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा जाहीर करणं. त्यानंतर हरकतींसाठी मुदत असते आणि मग दुसरी सही. मांडवातला मुहूर्त महिन्यांनंतरचा असला तरी दुसऱ्या सहीने कायद्याच्या दृष्टीने लग्न लागलेलं असतं. बाहेरून सोयरीक करून आलेल्या कुटुंबांना हे माहीत नसतं. दुसऱ्या सहीनंतर आणि अक्षतांच्या आधी काही बिनसलं, तर थेट घटस्फोटासाठी न्यायालयात जावं लागतं.

'आम्ही हिंदू. आमचं १९१० च्या आधीचं काय?'

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर थोडं लांबच आहे.

हिंदूंची लग्नं भटजींच्या साक्षीने लागत, कायद्याला ती मान्य होती, पण वही लिहिण्याची सक्ती कुणावर नव्हती. १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने गोव्यातल्या हिंदूंच्या रीतिरिवाजांची स्वतंत्र संहिता काढली. तिच्यात धार्मिक विवाहाला मान्यता होती आणि ठरावीक परिस्थितीत, पहिल्या बायकोच्या संमतीने, दुसरं लग्न करण्याची मुभाही होती. पहिलीला पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूलच झालं नसेल, किंवा ती तिशीची होऊनही मुलगा झाला नसेल, अशा अटी होत्या. आपल्या पणजोबांच्या दोन बायका निघाल्या तर दचकायचं कारण नाही. मात्र कुठलं मूल कुणाचं हे तपासल्याशिवाय वंशवृक्षात रेघ ओढू नका.

विवाहवही नाही, मग शोधायचं कुठे? जिथे जिथे वंशाला हक्क चिकटलेला असतो तिथे.

पहिली जागा गावकारी, पोर्तुगीज काळापासून कोमुनिदाद. गावची जमीन सामाईक, ती मूळ गावकारांच्या वांगडांची, म्हणजे कुळांची. उत्पन्नातून पुरुष गावकाराला वाटा मिळतो, त्याला 'जण' म्हणतात. जण मिळवायचा तर आपण अमक्याचा मुलगा, तो तमक्याचा, हे सिद्ध करावं लागतं. पैशाचा प्रश्न असल्यामुळे इतर गावकार बारीक नजर ठेवून असत, उपटसुंभाला शिरकाव मिळत नसे. माझ्या लेखी भावनेने लिहिलेल्या वंशावळीपेक्षा जणाची यादी दहापट विश्वासाची. तिची उणीवही तितकीच मोठी आहे. तिथे बाप-लेक-नातू अशी साखळी मिळते, बायका गायब.

दुसरी जागा देवस्थान. गोव्यातल्या देवळांचे महाजन, म्हणजे देवस्थानाचे हक्कदार, ठरलेले आहेत आणि महाजनकी वंशाने चालते. पोर्तुगीजांनी १८८६ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये देवस्थानांच्या कारभाराचे नियम केले. महाजनांच्या यादीत नाव घालायला घराण्याचा पुरावा द्यावा लागे, आणि महाजनकीवरून झालेल्या तंट्यांच्या फायलींत पाच-पाच पिढ्यांच्या वंशावळी जोडलेल्या असतात. पूर्वज भांडखोर असतील तर वंशजाचं नशीब उजळलंच! कुलदैवत कुठलं आणि ते मूळ कुठल्या गावचं, हेही विचारून ठेवा. सोळाव्या शतकात साष्टी, बारदेश, तिसवाडीतली देवळं मोडली गेली तेव्हा पुष्कळ देव अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात आले. मंगेशी कुशस्थळीहून, म्हणजे कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला. देवाचं जुनं गाव हा घराण्याच्या जुन्या गावाचा पहिला धागा असतो.

तिसरी जागा नोटरीचं दप्तर. गोव्यात नोटरी म्हणजे बाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा माणूस नव्हे, तो सरकारी अधिकारी. मृत्यूनंतर वारस कोण हे ठरवणारं वारसाखत त्याच्यासमोर होतं, विवाहपूर्व करार आणि खरेदीखतंही त्याच्याच वहीत. वारसाखतात मयताच्या बायकोचं माहेरचं नाव, सगळी मुलं, सुना, जावई असे ओळीने येतात. एखाद्या हिंदू कुटुंबात १८९० च्या सुमाराचं लग्न शोधायचं असेल, तर मी विवाहाच्या मागे न लागता त्या जोडप्यातलं कुणी गेल्यावर झालेलं वारसाखत आधी शोधेन.

घरात मोडी कागद असतील तर ते रद्दीत जाण्याआधी कुणा जाणकाराला दाखवा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही गोव्यातून गेलेल्या यात्रेकरूंनी आपली पिढी लिहून ठेवलेली आढळते. गावाचं नाव सांगितलं की ते वही काढतात.

आणि काही घराण्यांत विवाहाची नोंद नसणारच. कलावंत आणि भावीण समाजातल्या स्त्रियांना देवळाशी बांधून ठेवलं जाई, 'शेंस' विधीनंतर त्यांना रीतसर लग्न नव्हतं. त्यांच्या मुलांच्या नोंदीत बापाच्या जागी रिकामी ओळ असते. वंश आईकडून मोजायचा, एवढंच. बापाच्या नावाशिवाय वंशवृक्ष अपुरा, असं मानण्याची सवय आपण सोडायला हवी. त्या आज्यांपैकी कितीजणींचं गाणं पुढच्या पिढ्यांत उतरलं, त्याची नोंद वेगळ्याच वह्यांत आहे.

मुसलमान कुटुंबांत निकाहाची नोंद काझीकडे असते, १९१० नंतरची लग्नं सरकारी वहीतही शोधता येतात.

बंदराचं गाव, बाहेरची माणसं

बंदराच्या शहरातली विवाहवही गावातल्या वहीपेक्षा वेगळी. गावात वधू शेजारच्या वाड्यावरची, बंदरात कुठलीही. मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर जाणारी रेल्वे १८८० च्या दशकात उभी राहिली, आणि वास्कोच्या बाजूला रेल्वेचे, बंदराचे कामगार, कारकून, व्यापारी जमा झाले. अशा ठिकाणच्या नोंदीत 'जन्मगाव' हा रकाना सगळ्यात मोलाचा. तो माणूस तिथला नसतोच, त्याचं पुढचं दप्तर त्या जन्मगावी असतं.

मुरगाव आज वेगळा तालुका असला तरी पूर्वी तो साष्टीत मोडायचा. म्हणून वास्कोत न सापडलेली नोंद मडगावच्या दप्तरातही शोधायची. तालुक्यांच्या सीमा बदलल्या तरी जुन्या वह्या नेहमीच नव्या कचेरीत हलल्या असं नाही.

जुनं गोवं हे तर मांडवीवरचं मूळ बंदर. साथीच्या रोगांनी ते रिकामं होत गेलं, व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. शहर ओस पडलं तशा तिथल्या फिर्गजीही आटल्या. तिकडचं घराणं शोधताना शेजारच्या, वाढलेल्या फिर्गजींच्या वह्या बघाव्यात.

उलट दिशेनेही विचार करा. गोव्याचा तारवोटी, म्हणजे खलाशी, बोटीवर, त्याचा भाऊ मुंबईत, चुलता कराचीत किंवा पूर्व आफ्रिकेत. मुंबईत गावागावाचे 'कूड' होते, नोकरी शोधणाऱ्याची तिथे उतरायची सोय. त्यातल्या कित्येकांची लग्नं धोबीतलाव, गिरगाव, माझगावच्या चर्चांत लागली. तीही दोन धर्मसत्तांच्या अमलाखाली, कारण मुंबईतल्या काही इगर्जी पाद्रुआदोकडे, म्हणजे पोर्तुगालच्या राजसत्तेच्या धर्माधिकाराखाली, आणि काही थेट रोमने नेमलेल्या बिशपाकडे होत्या. पाद्रुआदोच्या इगर्जी शोधायच्या राहून गेल्या तर अर्धी मुंबई हातची जाते.

'पोर्तुगीज येत नाही, मग वही काय वाचणार?'

भाषा यावी लागत नाही, साचा कळावा लागतो. दोनशे वर्षं एकाच नमुन्यात मजकूर लिहिला आहे. सुरुवातीला तारीख, तीही अंकांत नव्हे तर अक्षरांत, मग ठिकाण, मग वर, त्याचे आईबाप, मग वधू, तिचे आईबाप, मग साक्षीदार आणि सही. पंचवीस-तीस शब्द पाठ केले की काम भागतं. सोल्तैरु म्हणजे अविवाहित, व्हियुव्हु म्हणजे विधुर, तेस्तेमुन्य म्हणजे साक्षीदार. एक फसवा शब्द तेवढा लक्षात ठेवा. 'नातुराल द' च्या पुढे गावाचं नाव असेल तर अर्थ 'तिथला जन्मलेला', पण 'फिल्यु नातुराल' असेल तर विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला मुलगा.

हिंदू नावांचं काय होतं ते मात्र डोळ्यांनी बघावं लागतं. पोर्तुगीज कारकून 'श' साठी एक्स अक्षर वापरायचा, म्हणून शंकर, शांता ही नावं एक्सखाली सापडतात. प्रभूचा पोरोबो होतो, शेणवीचा सिनाय, कामतचा कामोतीम. एकाच माणसाचं नाव बापाच्या नोंदीत एक आणि मुलाच्या नोंदीत दुसऱ्याच वळणाने लिहिलेलं असतं. म्हणून मोठ्याने उच्चारून बघा. कानाला ओळखीचं वाटलं तर ते बहुधा तेच.

नोंदीत आहे म्हणजे खरं?

कायद्यापुरतं खरं. ज्या दिवशी अमक्यांनी समोर येऊन सही केली ते पक्कं. बाकीचा मजकूर त्यांनी तोंडी सांगितलेला. वय अंदाजाने, धंदा थोडा फुगवून, मेलेल्या बापाचं नाव कधी अर्धवट. स्त्रियांच्या वयात चार-पाच वर्षांचा फरक मी फरक मानतच नाही. हिंदू वधूचं माहेरचं नाव एका कागदात आणि सासरचं दुसऱ्यात आलं की सरळ दोन बायका मानल्या जातात, तिथे सावध राहा. तीन वेगळ्या कागदांत जुळणारी गोष्ट खरी धरावी, एकाच कागदातली पेन्सिलने लिहावी.

'सगळी कागदपत्रं लिस्बनला नेली ना?'

असा समज फार पक्का आहे, आणि त्यात सत्याचा अंश आहे. अठराव्या शतकात व्हाइसरॉयच्या पत्रव्यवहाराचे बरेच खंड खरंच लिस्बनला गेले. पण पत्रव्यवहार वेगळा आणि गावची नोंदवही वेगळी. पणजीचं पुराभिलेख खातं हे १५९५ मध्ये स्थापन झालेल्या दप्तरखान्याचं वारस आहे. इतिहासकार दियोगो दु कोउतु त्याचा पहिला प्रमुख. कोमुनिदाद, देवस्थानं, नोटरी, फिर्गजीच्या काही जुन्या वह्या, मोडी कागद, असा मोठा साठा गोव्यातच आहे. उरलेल्या फिर्गजी-वह्या ज्या त्या ठिकाणी विगाराच्या, म्हणजे फिर्गजीच्या मुख्य पाद्रीच्या, ताब्यात. पुस्तकं लिस्बनने नेली त्यापेक्षा जास्त आपल्या पावसाने, वाळवीने आणि कागद खाणाऱ्या जुन्या लोहयुक्त शाईने नेली असतील. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं आणि १८३७ पासून निघू लागलेलं सरकारी 'बोलेतीं', म्हणजे राजपत्र, बघायला मिळतं. वारसदारीच्या जाहीर सूचना त्यांत छापल्या जात.

पासपोर्टसाठी ही नोंद लागते ती का?

मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेली माणसं पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगीज नागरिक होती. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केलं, तरी त्या माणसांचा आणि त्यांच्या मुलाबाळांचा दावा तिथल्या कायद्यात शिल्लक राहिला. तो बजावायचा तर आधी आजोबांचा जन्म, मग त्यांचं लग्न, मग पुढच्या पिढीचा जन्म, अशा क्रमाने लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कचेरीत नोंदी उतरवाव्या लागतात. लग्न हा मधला दुवा. तो निखळला तर मुलाचा बाप कोण हे त्यांच्या वहीत सिद्ध होत नाही.

भारताचा १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी पासपोर्ट घेतला की भारतीय सोडावा लागतो. नुसती लिस्बनमध्ये जन्मनोंद केली तर काय, हा वादाचा विषय आहे आणि त्यावर बरंच रणकंदन झालं आहे. तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये. वंशावळ काढायला मात्र लिस्बनच्या वाटेला जाण्याची गरज नाही. तेओर हातात आला की तुमचं काम झालं.

कागद जमवताना सगळी फजिती होते ती स्पेलिंगची. एका दाखल्यात सिनाय, दुसऱ्यात शेणवी, तिसऱ्यात नाव आणि आडनाव उलटसुलट. १९९० च्या नाव-आडनाव बदल कायद्याखाली दुरुस्ती करता येते, पण तिला वेळ जातो आणि दुरुस्तीची टीप पुन्हा समासात येते. म्हणून आधी सगळे तेओर काढा, एकाखाली एक ठेवा, मग ठरवा काय दुरुस्त करायचं.

आणि 'नोंद सापडत नाही' असं उत्तर मिळालं तर लगेच उठू नका. पोर्तुगीजकालीन अनुक्रमणिका बऱ्याचदा आडनावावर न लावता पहिल्या नावावर लावलेल्या असतात. कारकुनाने नाईक खाली शोधलं असेल आणि आजोबा विठोबाच्या व्हीखाली निवांत बसलेले असतील. वराच्या नावाने, मग वधूच्या नावाने, मागची-पुढची दोन-तीन सालं धरून पुन्हा बघायला सांगा.